डेल्फ्टचा हिशेबनीस आणि दातांवरची वस्ती

मोठ्या शास्त्रज्ञांची चरित्रे वाचताना एक गोष्ट नेहमी जाणवते. लहानपणीच त्यांच्या अलौकिक बुद्धीची चमक दिसलेली असते, एखादा गुरू भेटलेला असतो, विद्यापीठ असते, निदान घरात ग्रंथांची कपाटे तरी असतात. आंतोनी व्हॅन लेवेनहूक या डच गृहस्थाच्या वाट्याला यांतले काहीच आले नाही. बाप टोपल्या विणणारा. शिक्षण बेताचे. लॅटिन, म्हणजे त्या काळची विद्वानांची भाषा, आयुष्यभर आली नाही. पोटासाठी कापडाचे दुकान आणि पुढे गावच्या कचेरीतली नोकरी. तरीही ज्याने जिवाणू पहिल्यांदा पाहिले तो हाच माणूस. शाळेच्या पुस्तकात त्याच्याविषयी दोन ओळी आपण सर्वांनी वाचलेल्या असतात आणि परीक्षा संपताच विसरलेल्याही असतात.

माझे आयुष्य बँकेत गेले. खातेवह्या, रोकड, तपासणी, ताळेबंद यांत छत्तीस वर्षे काढल्यावर माणसाला एक खोड जडते. कोणाचेही चरित्र वाचताना, हा गृहस्थ हिशेब कसा लिहीत असेल, हे तो आधी पाहतो. लेवेनहूक मला आवडला तो त्यामुळेच. हा अस्सल हिशेबनीस होता.

२४ ऑक्टोबर १६३२ रोजी तो डेल्फ्टला जन्मला. कालव्यांचे हे छोटे, सुबक शहर. त्याच महिन्यात, त्याच गावात आणखी एका मुलाचा बाप्तिस्मा झाला आणि दोघांच्या नोंदी चर्चच्या एकाच वहीत झाल्या. तो दुसरा मुलगा म्हणजे थोर चित्रकार योहानेस व्हर्मीर. आंतोनी पाच-सहा वर्षांचा असताना वडील गेले. आईने पुन्हा लग्न केले आणि मुलाला शिकायला बाहेरगावी पाठवले. सोळाव्या वर्षी तो ॲमस्टरडॅमला एका कापडव्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि तिथे हिशेब व रोकड सांभाळण्यापर्यंत चढला. १६५४ साली डेल्फ्टला परत येऊन त्याने लग्न केले, घर घेतले आणि कापडाचे दुकान मांडले.

कापडाचा दर्जा ठरवायचा तर धागे मोजावे लागतात आणि त्यासाठी व्यापारी भिंग वापरीत. लेवेनहूकला भिंगांचा नाद या दुकानातूनच लागला असावा, असे मानले जाते. १६६० साली त्याला नगरपालिकेच्या दरबारी दालनाचे व्यवस्थापक नेमण्यात आले. दालन उघडणे, बंद करणे, ते स्वच्छ आणि उबदार राहील असे पाहणे हे त्या पदाचे काम. ही नेमणूक पुढे सुमारे चाळीस वर्षे टिकली. १६६९ मध्ये तो जमीनमोजणीची परीक्षा उतरला. १६७९ मध्ये मद्याची पिंपे मोजणारा सरकारी मोजणीदार झाला. कापड, जमीन, मद्य. या माणसाचा जन्मच मोजण्यासाठी होता म्हणा ना.

घरात मात्र सुख बेताचे. पाच मुले झाली, त्यांतली चार तान्हेपणीच गेली. १६६६ मध्ये पत्नी बार्बरा वारली. उरली एकटी मुलगी मारिया. तिने लग्न केले नाही, आणि बापाला अखेरपर्यंत सांभाळले. १६७१ मध्ये त्याने दुसरे लग्न केले. रात्री दुकान आणि कचेरी यांतून मोकळा झाला की तो भिंगे घडवीत बसे.

त्याचे सूक्ष्मदर्शक आज कोणी आपल्या हातात ठेवले तर ते उपकरण आहे यावरच विश्वास बसणार नाही. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन छोट्या पट्ट्या एकमेकींवर ठोकलेल्या, मधे बारीक छिद्र आणि त्यात डाळीच्या दाण्याहूनही लहान असे एकच भिंग. मागे एक टोकदार सुई, तिच्यावर पाहायची वस्तू लावायची आणि स्क्रू फिरवून ती भिंगासमोर आणायची. मग सगळे उपकरण डोळ्याला जवळजवळ चिकटवून उजेडाकडे तोंड करायचे. अशी शेकडो उपकरणे त्याने केली. आज त्यांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. उट्रेख्टला जपलेले एक भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते.

१६७३ साली डेल्फ्टचे तरुण वैद्य रेनिए द ग्राफ यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र पाठवून या कापडवाल्याची ओळख करून दिली. द ग्राफ त्याच वर्षी वारले, पण पत्रव्यवहार सुरू झाला तो पन्नास वर्षे चालला. लेवेनहूकने ना ग्रंथ लिहिला ना प्रबंध. त्याने पत्रे लिहिली. साध्या, बोलक्या डचमध्ये, आज हे पाहिले, काल ते पाहिले, अशा थाटाची. लंडनला त्यांची भाषांतरे होत आणि सोसायटीच्या नियतकालिकात छापली जात.

१६७४ साल आपल्याला रायगडावरच्या राज्याभिषेकाचे म्हणून पाठ असते. त्याच वर्षी, पावसाळा सरताना, लेवेनहूकने डेल्फ्टजवळच्या एका तळ्याचे पाणी कुपीत भरून आणले. उन्हाळ्यात ते पाणी गढूळ आणि हिरवट होई. गावकरी त्याचा दोष दवाला देत. याने भिंगाखाली थेंब धरला तर आत हिरवे पीळदार धागे होते आणि त्यांच्यामधून इवले जीव भिरभिरत होते.

मग आली मिरी. डच कंपनीची जहाजे पूर्वेकडून मिरी नेत. या कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यालाही होती आणि कंपनीच्या सहा शाखांपैकी एक खुद्द डेल्फ्टला होती. मिरी जिभेला का झोंबते, हा लेवेनहूकपुढचा प्रश्न. तिच्या कणांना टोके असावीत, ती जिभेला टोचत असावीत, असा त्याचा कयास. म्हणून त्याने मिरी पाण्यात भिजत घातली. टोके काही दिसली नाहीत, पण काही दिवसांनी त्या पाण्यात असंख्य जीव दिसले, आणि त्यांतले काही आधी पाहिलेल्या कोणत्याही जीवापेक्षा कितीतरी लहान. ते जिवाणू होते. ९ ऑक्टोबर १६७६ च्या लांबलचक पत्रात त्याने हे सारे तारीखवार कळवले.

या तारखेपाशी माझ्यातला कादंबरीकार आणि माझ्यातला बँकवाला दोघेही थबकतात. व्हर्मीर आदल्या वर्षी डिसेंबरात कर्जबाजारी अवस्थेत वारला होता. बेकरीवाल्याची पावाची उधारीदेखील शिल्लक होती आणि त्याने तारण म्हणून दोन चित्रे ठेवून घेतली होती. ३० सप्टेंबर १६७६ रोजी व्हर्मीरच्या मालमत्तेचा विश्वस्त म्हणून लेवेनहूकची नेमणूक झाली. म्हणजे एका आठवड्यात दिवाळखोर चित्रकाराच्या देण्याघेण्याचे कागद आणि पुढच्या आठवड्यात पाण्याच्या थेंबातल्या लोकसंख्येचा हिशेब. हे दोघे हयातीत एकमेकांना ओळखत होते याचा पुरावा नाही. कादंबरीत मी त्यांची भेट घडवू शकेन, इथे नाही.

लंडनला त्या पत्रावर विश्वास बसला नाही, आणि त्यात नवल ते काय? एका थेंबात लाखो प्राणी, आणि हे सांगणारा कोण, तर परदेशातला कापडवाला. लेवेनहूक चिडला नाही. त्याने १६७७ मध्ये धर्मोपदेशक, नोटरी अशा आठ प्रतिष्ठितांना भिंगातून दाखवले आणि त्यांच्या लेखी साक्षी पाठवल्या. साक्षीदारांच्या सह्या घेऊन कागद भक्कम करायचा, ही कचेरीतल्या माणसाची रीत. पण आपले सर्वांत चांगले भिंग आणि पाहण्याची खास युक्ती त्याने कोणालाही दाखवली नाही. अखेर रॉबर्ट हूकने स्वतःची भिंगे करून त्याच वर्षी नोव्हेंबरात सोसायटीच्या सभासदांना ते जीव दाखवले. १६८० मध्ये लेवेनहूक सोसायटीचा सभासद निवडला गेला.

आता मी ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या पत्राकडे येतो. त्याची तारीख १७ सप्टेंबर १६८३. विषय, स्वतःचे दात.

लेवेनहूक तेव्हा पन्नाशीत होता आणि दातांची निगा राखण्यात कडक. रोज सकाळी मिठाने दात घासायचे, चुळा भरायच्या, जेवण झाले की पिसाच्या काडीने दाढा कोरायच्या आणि फडक्याने खसखसून पुसायच्या. आपल्याकडे राखुंडी आणि मीठ लावून दात घासणारी पिढी आठवावी. एवढे करूनही त्याला आरशात दोन दातांच्या फटीत भिजवलेल्या पिठासारखा पांढरट लगदा दिसे. आपण ज्याला कीटण म्हणतो त्याचा हा कोवळा, मऊ अवतार. त्याने तो कोरून काढला, पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालवला आणि भिंगाखाली धरला. लगदा जिवंत होता. काही जीव माशासारखे सरळ सुळकन जाणारे, काही भोवऱ्यासारखे गरगरणारे. त्याने त्यांची चित्रे काढून पाठवली. आपल्या तोंडात जेवढे जीव आहेत तेवढी माणसे साऱ्या देशात नसतील, असा अंदाजही त्याने मांडला.

एवढ्यावर दुसरा कोणी थांबला असता. लेवेनहूक मात्र इतरांची तोंडे तपासायला निघाला: दोन बायका, आठ वर्षांचे एक मूल, एक निर्व्यसनी म्हातारा आणि दुसरा ब्रँडी, वाइन व तंबाखूत रमलेला म्हातारा. प्रत्येकाची थुंकी वेगळी पाहिली आणि दातांवरचा लगदा वेगळा. थुंकीत त्याला जीव दिसले नाहीत. लगद्यात मात्र प्रत्येकाच्या होते. दारू पिणाऱ्या म्हाताऱ्याच्यासुद्धा.

मग त्याने झणझणीत व्हिनेगरने चुळा भरल्या. दात मिटून ते फटींतून खळखळवले, नंतर पाण्याने तोंड धुतले आणि लगदा पुन्हा तपासला. जीव होतेच, दातांवर होते, फटीत तर फारच. आता त्याने उलट केले. लगदा पाण्यात विरघळवला आणि त्यात व्हिनेगरचा किंचित अंश टाकला. सारे जीव तत्काळ मेले. तेच व्हिनेगर, तेच जीव, आणि निकाल दोन. लेवेनहूकने निष्कर्ष काढला तो असा, की चुळांच्या व्हिनेगरने फक्त थराच्या बाहेरचे जीव मारले, ते थराच्या आत शिरलेच नाही.

१६९२ मध्ये त्याला पुढच्या दातांवरच्या लगद्यात जीव मेलेले दिसले. विचार करता लक्षात आले, की आपण सकाळी कॉफी फार गरम पितो, तिचा हा प्रताप असावा. मागच्या दाढांमध्ये, जिथे कॉफीचा चटका पोचत नाही तिथे, वस्ती शाबूत होती.

बँकेत एखादी रक्कम कुठल्याच खात्याला जुळली नाही तर आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकत असू. तिची नोंद ठेवायची, खुलासा मिळेपर्यंत ती मिटवायची नाही. लेवेनहूकचे व्हिनेगर असेच जवळजवळ तीनशे वर्षे सस्पेन्समध्ये राहिले. बाहेरचे मरतात, आतले वाचतात, हे त्याने लिहिले. पण त्या जिवांना एकत्र कोण धरून ठेवते, दाताला ते चिकटतात कशाने, हे कळायला त्याच्या भिंगाची ताकद पुरणारी नव्हती.

खुलासा विसाव्या शतकाच्या अखेरीस येऊ लागला. एकोणिसाव्या शतकात पाश्चर आणि कॉख यांनी जिवाणू आणि रोग यांची सांगड घातली. मात्र प्रयोगशाळेत जिवाणू वाढवत ते बहुधा काचेच्या नळीत, पाण्यात पोहणारे, सुटे सुटे. १९७८ साली कॅनडातले बिल कॉस्टर्टन आणि त्यांचे सहकारी यांनी एका लोकप्रिय विज्ञान मासिकात लेख लिहून बजावले, की निसर्गात जिवाणू बहुतांशी असे सुटे राहतच नाहीत. ते कशाला तरी चिकटतात आणि थर करून राहतात. या थराला आज बायोफिल्म म्हणतात. विहिरीच्या पायरीवरचा बुळबुळीतपणा, मोरीच्या नळीतला चिकटा, न घासलेल्या माठाच्या आतली साय आणि दातांवरचे कीटण, ही सगळी एकाच घराण्यातली भावंडे.

चिकटण्याचे काम करतात ती जिवाणूच्या अंगावरची प्रथिने. दात स्वच्छ घासल्यावर काही मिनिटांतच त्यावर लाळेतल्या प्रथिनांचे पातळ अस्तर चढते. लाळेतून वाहत जाणारा स्ट्रेप्टोकॉकस जातीचा जिवाणू तिथे येतो. त्याच्या अंगावर बाहेर झुकलेली लांब प्रथिने असतात आणि त्यांची टोके अस्तरातल्या ठराविक प्रथिनांवर नेमकी बसतात, कुलपात किल्ली बसावी तशी. तो धरला गेला की दुसरा येतो आणि पहिल्याला धरतो. या पहिल्या रहिवाशांवर पुढे फ्यूझोबॅक्टेरियम नावाचा लांबट जिवाणू येतो. याच्या अंगावर वेगवेगळ्या शेजाऱ्यांना पकडणारी वेगवेगळी प्रथिने असतात, म्हणून आधी आलेले आणि मागाहून येणारे यांच्यातला तो पूल ठरतो. हिरड्यांना खऱ्या अर्थाने त्रास देणारे जिवाणू बहुधा या मागाहून येणाऱ्यांत असतात.

ही प्रथिने जिवाणूच्या अंगावर रोवली कशी राहतात, याचाही शोध लागला आहे. स्ट्रेप्टोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस यांच्या घराण्यात सॉर्टेज नावाचे विकर प्रथिनाच्या शेपटाकडची ठराविक खूण ओळखते, तिथे काप घेते आणि प्रथिन जिवाणूच्या भिंतीला कायमचे जोडून टाकते. हे विकर १९९९ साली सापडले. २००१ मध्ये स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी गाईंच्या कासदाहातून मिळालेल्या स्टॅफिलोकॉकसमध्ये एक अवाढव्य पृष्ठप्रथिन ओळखले आणि त्याला बॅप हे नाव दिले. त्याचे जनुक बंद पाडले की त्या जिवाणूला थर करता येईना. एका प्रथिनावर साऱ्या वस्तीची भिस्त!

वस्ती जमली की रहिवासी स्वतःभोवती साखरेच्या साखळ्या, प्रथिने आणि मेलेल्या भाईबंदांचे डीएनए यांचा चिकट लगदा उभारतात. दातांवर तर आपण खाल्लेल्या साखरेपासूनच या साखळ्या विणल्या जातात. आत अन्न कमी पोचते म्हणून खोलवरचे जिवाणू मंदावतात, जवळजवळ झोपतात. आणि पुष्कळशी प्रतिजैविके तर वाढत्या, धडपडत्या जिवाणूवरच चालतात. औषध बाहेरच्यांना गाठते, आतल्यांना गाठत नाही. चुळा भरलेल्या व्हिनेगरची हीच तर गोष्ट होती.

हे सगळे केवळ दातांपुरते असते तर मी एवढे लांबवले नसते. आमच्या वयाच्या मंडळींमध्ये हल्ली कोणाचा गुडघा बदललेला, कोणाच्या हृदयात कृत्रिम झडप, कोणाला आजारपणात लघवीची नळी. या परक्या वस्तूंवर जिवाणूंनी असा थर धरला, की सुट्या जिवाणूला सहज मारणारे औषध तिथे हतबल होते आणि कधी कधी बसवलेली वस्तूच काढावी लागते. म्हणून आज संशोधक जिवाणूला मारण्याऐवजी त्याची पकडच सोडवता येईल का, ती प्रथिने किंवा त्यांना रोवणारे सॉर्टेज निकामी करता येईल का, हे पाहत आहेत. आणि घरच्या घरी दातांसाठी सांगायचे तर नुसत्या चुळांवर विसंबून चालत नाही, थर घासूनच काढावा लागतो. लेवेनहूकचे फडके आणि पिसाची काडी या बाबतीत बरोबर होती.

या माणसाच्या आयुष्यात मला सर्वांत चटका लावते ती मात्र वेगळी गोष्ट. ज्याची चार मुले तान्हेपणी गेली, त्याने जिवाणू पाहिले, मोजले, रेखाटले, पण त्यांच्यातल्या काहींचा माणसाच्या आजाराशी संबंध असेल हे त्याच्या मनात आले नाही. ते कळायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली. त्याने आपली युक्ती लपवली नसती, चार शिष्य तयार केले असते, तर हा काळ थोडा कमी झाला असता का? मला वाटते, झाला असता. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर नावेतून डेल्फ्टला आला, त्याच्यापुढे लेवेनहूकने आपली करामत मांडली. पण भिंगे शिकवायला तो कोणापुढे बसला नाही. गंमत अशी, की २०२१ मध्ये उट्रेख्टचे ते भिंग न उघडता न्यूट्रॉन किरणांनी तपासले तेव्हा ते काच वितळवून केलेल्या गोळीचे निघाले, आणि ती रीत रॉबर्ट हूकने लेवेनहूकच्या हयातीतच छापून जगाला सांगितली होती. जन्मभर जपलेल्या गुपितातला मोठा भाग दुसऱ्याच्या पुस्तकात उघडा पडलेला होता.

२६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वदाव्या वर्षी तो वारला. अखेरच्या आजारात छातीखाली होणारी धडधड त्याने स्वतःच वर्णन करून ठेवली होती आणि शेवटची दोन पत्रे मित्राकडून लॅटिनमध्ये उतरवून लंडनला पाठवायची तजवीज केली होती. चांदीची २६ सूक्ष्मदर्शके त्याने सोसायटीला मृत्युपत्राने दिली. ती पुढे एकोणिसाव्या शतकात गहाळ झाली. घरातली उरलेली मारियाने स्वतःच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७४५ पर्यंत सांभाळली. दोन वर्षांनी त्यांचा लिलाव झाला.

पत्रे मात्र राहिली. १९८१ साली ब्रायन फोर्ड हे ब्रिटिश अभ्यासक सोसायटीच्या दप्तरातली ही पत्रे चाळत होते, तेव्हा त्यांत जोडलेली छोटी पाकिटे त्यांना सापडली. आत लेवेनहूकने वस्तऱ्याने कापलेले बुचाचे आणि झाडांचे पापुद्रे होते, तीनशे वर्षे जसेच्या तसे. पत्रात जे लिहिले त्याचा नमुना त्याने सोबत जोडून पाठवला होता, पुढे कोणी तपासायला आलाच तर असावा म्हणून.